बैहरचे पठार आणि मंगळावरचा शिपाई

चंद्रावर एखाद्या भारतीय नागरिकाने गुन्हा केला आणि पृथ्वीवर परतल्यावर तो मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात सापडला, तर त्याच्यावरची कारवाई बालाघाटच्या कोतवाली ठाण्यातून सुरू होऊ शकते. हे कुणा कादंबरीकाराच्या डोक्यातून निघालेले नाही. भारतीय न्याय संहिता देशाबाहेर गुन्हा करणाऱ्या प्रत्येक भारतीय नागरिकाला लागू आहे आणि देशाबाहेर म्हणजे किती दूर, याची मर्यादा तिने घातलेली नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २०८ व्या कलमानुसार असा माणूस देशात जिथे सापडेल तिथेच तो गुन्हा घडला असे मानून त्याच्यावर कारवाई करता येते. खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, एवढीच अट. जुन्या फौजदारी कायद्यातही अशीच तरतूद होती. तेव्हा कायदा चंद्रावर कधीच जाऊन पोचला आहे. शिपाई पोचायचा राहिला आहे.

तो शिपाई कसा असेल, याचा विचार मी बरीच वर्षे करतो आहे आणि दर वेळी तो विचार मला बालाघाट जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, बैहरच्या पठारावर आणून सोडतो.

आधी आकाशातली व्यवस्था पाहू. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्र किंवा कोणताही ग्रह कुठल्याही राष्ट्राला आपला म्हणता येत नाही. मात्र तिथे उतरलेले यान ज्या देशाच्या नोंदवहीत असेल, त्या देशाचा अधिकार यानावर आणि त्यातल्या माणसांवर चालतो. सत्ता जमिनीवर नाही, माणसांवर आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकासाठी १९९८ मध्ये झालेल्या कराराच्या २२ व्या कलमानेही आरोपी ज्या भागीदार देशाचा, त्या देशाला खटल्याचा पहिला हक्क दिला. २०१९ मध्ये एका अमेरिकी अंतराळवीरावर स्थानकातून दुसऱ्याचे बँक खाते उघडून पाहिल्याचा आरोप झाला तेव्हा जगाला या कलमाची आठवण झाली. तो आरोप टिकला नाही. उलट आरोप करणाऱ्या व्यक्तीवरच खोटी माहिती दिल्याचा खटला भरला गेला. २०२२ मध्ये कॅनडाने आपल्या दंडविधानात दुरुस्ती करून चंद्रावरील आणि चंद्राकडे जाता-येतानाचे आपल्या अंतराळवीरांचे गुन्हे त्यात आणले. हे सगळे कागदावर नीट आहे. पण हे सगळे मूठभर, पारखून घेतलेल्या, थोड्या दिवसांत परतणाऱ्या माणसांसाठी आहे. वस्ती म्हणजे वेगळी गोष्ट. वस्तीत माणसे म्हातारी होतात, उसनवारी होते, लग्ने मोडतात, कुणाची तरी वाटणी कमी पडते.

वस्तीच्या पोलिसाची कल्पना साहित्याने फार पूर्वी केली. ई. ई. स्मिथची ‘गॅलॅक्टिक पॅट्रोल’ १९३७ मध्ये मासिकातून क्रमशः येऊ लागली. आकाशगंगाभर गस्त घालणारे, भ्रष्ट होऊच न शकणारे असे ते दल होते. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९४८ च्या ‘स्पेस कॅडेट’मध्येही गस्ती दल आहे आणि त्यातली मुले राष्ट्र मागे ठेवून मानवजातीची शपथ घेतात. या कल्पनांतला उदात्तपणा मला खोटा वाटत नाही. दोन महायुद्धांच्या काळातल्या माणसाला राष्ट्रांच्या वरचा एखादा निःपक्षपाती रक्षक हवासा वाटला, तर त्यात नवल नाही. मात्र दोन्हींकडे शिपाई बाहेरून येतो, त्याचे हुकूम दुरून येतात आणि त्याचा अहवाल दूर जातो. वस्तीतली माणसे त्याला विचारू शकत नाहीत. मला आठवणाऱ्या मराठी विज्ञानकथांत, जयंत नारळीकरांच्या ‘प्रेषित’ किंवा ‘वामन परत न आला’मध्ये, शास्त्रज्ञ आणि त्याची जबाबदारी केंद्रस्थानी आहे, शिपाई कडेलाच उभा आहे. म्हणून या प्रश्नासाठी आपल्याला कथेपेक्षा इतिहासाकडे जावे लागते.

हद्दी ओलांडणारे पोलीस खाते हिंदुस्थानात एकदा प्रत्यक्षात आले होते, आणि तेही बालाघाटच्या उत्तरेला, जबलपूर-नरसिंहपूरच्या मुलखात. विल्यम स्लीमनच्या हाताखाली ठगांविरुद्धचे खाते उभे राहिले ते याच अडचणीतून: गुन्हा एका संस्थानात, लूट दुसऱ्यात, आरोपीचे घर तिसऱ्यात. १८३६ च्या कायद्याने ही अडचण एका फटक्यात सोडवली. कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, कायदा होण्याआधी असो वा नंतर, ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले की जन्मठेप. विशिष्ट रात्री विशिष्ट वाटसरूचा गळा कुणी आवळला, हे दाखवण्याची गरज उरली नाही. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर वंशावळी रचल्या गेल्या. हद्द पुसली तेव्हा पुराव्याची कडही बोथट झाली, आणि कृत्याऐवजी माणसाचे गोत गुन्हा ठरू लागले. याच वृत्तीतून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, जो स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये गेला. सगळ्या ग्रहांवर अधिकार चालणारे एकच दल हवे, असे म्हणणाऱ्याने हा मधला रस्ता वाचायला हवा.

आता बैहर. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा केला गेला. खाली वैनगंगेचे धानाचे खोरे आणि वर सालवनाचे पठार. वरचा भाग विरळ वस्तीचा होता आणि तो ‘वसवायचा’ होता. परसवाड्याच्या पठारावर लक्ष्मण नाईक या पोवाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पहिली गावे बसवली होती. पुढे डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्डने खोऱ्यातल्या पोवार शेतकऱ्यांना बैहरकडे वर नेण्यास प्रोत्साहन दिले. तळी बांधणे, बांध घालणे, धान रोवणे यांत पोवारांचा हात धरणारा कुणी नव्हता. माळव्यातून आलेली, भोसल्यांच्या मोहिमांत लढलेली, बोलीत मराठी मुरवून घेतलेली ही माणसे पुन्हा एकदा नव्या मुलखात गेली. त्यांच्या कष्टाबद्दल मला नितांत आदर आहे. परसवाड्याची तळी आणि बांध आयते मिळालेले नाहीत.

पण मुलूख रिकामा नव्हता. तिथे गोंड होते आणि त्यांच्याही आधीपासून बैगा होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात बैगांविषयी एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. गावांच्या शिवेवरून तंटा झाला की बैगाचा निवाडा मान्य केला जाई, कारण भूमीशी त्याचे नाते सर्वांत जुने मानलेले होते. म्हणजे सरकारी मोजणीदार साखळी घेऊन येण्यापूर्वी या पठारावर हद्द सांगणारा माणूस होता. त्याच्याकडे काठी नव्हती, पट्टा नव्हता. त्याचे ऐकले जाई ते तो इथला होता म्हणून.

कौटिल्याला ही गोष्ट कळलेली होती. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाची सुरुवातच नवा प्रदेश वसवण्याच्या प्रकरणाने होते. शंभर ते पाचशे कुळांची गावे, एकमेकांना राखता येईल इतक्या, एक-दोन कोसांच्या अंतरावर. शिवा नदी, डोंगर, झाडांवरून ठरवायच्या. सीमेवर अंतपालांचे दुर्ग. आणि मधल्या रानाची राखण वागुरिक, शबर, पुलिंद, चांडाळ आणि अरण्यचर यांच्याकडे. कौटिल्य दयाळू नव्हता. याच प्रकरणात नट-नर्तकांनी गावात येऊन शेतकऱ्यांच्या कामात खोडा घालू नये, असेही तो बजावतो. वसाहतीतल्या माणसाचा दिवस त्याला पूर्णपणे उत्पादनाला जुंपायचा आहे. तरीही रानाची राखण रानातल्या माणसालाच द्यावी, हे त्याने व्यवहार म्हणून स्वीकारले. ब्रिटिश मध्य प्रांताने ते उलटे केले. १८६१ च्या पोलीस कायद्याने उभे केलेले दल लंडनच्या निःशस्त्र शिपायापेक्षा आयर्लंडच्या छावणीत राहणाऱ्या सशस्त्र दलाच्या अधिक जवळचे होते. गावचा राखणदार असलेला कोटवार राहिला, पण त्याचे मुख्य काम ठाण्याला खबर देण्याचे झाले: जन्म, मृत्यू, चोरी, परका माणूस. गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजाराला जमिनीचा हक्क मिळाला, कोटवाराला ठाण्याची वाट मिळाली. बैगाला काय मिळाले, ते जंगलाच्या कायद्यात सापडते.

बैगा बेवर करीत. डोंगरउतारावर झाडे तोडायची, वाळली की जाळायची, राखेत कोदो-कुटकी पेरायची, दोन-तीन वर्षांनी पुढे सरकायचे. नांगर चालवणे म्हणजे धरणीमातेची छाती फाडणे, अशी त्यांची श्रद्धा. व्हेरिअर एल्विनने १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात ती सविस्तर नोंदवली आहे. सरकारला साल हवा होता, लाकूड आणि रेल्वेचे स्लीपर हवे होते. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर बेवर आक्रसत गेले आणि १८९० मध्ये मंडल्याच्या बाजूला ‘बैगाचक’ म्हणून एक तुकडा आखून तेवढ्यातच त्याला परवानगी राहिली. त्या रेषेबाहेर पेरणी हा गुन्हा. विस्तव, लाकूड, गवत, शिकार यांपैकी प्रत्येक गोष्टीला परवाना लागला. बैगाने काही नवे केले नव्हते. तो आदल्या वर्षीप्रमाणेच जगत होता.

वस्तीच्या पोलिसाबद्दल मला जे म्हणायचे आहे, ते इथे आहे. जगण्याचे साधन जेव्हा सत्तेच्या मालकीचे होते, तेव्हा शिपाई माणसांचा रक्षक उरत नाही, साधनाचा पहारेकरी होतो. त्याचा स्वभाव चांगला की वाईट, याने यात फारसा फरक पडत नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात शेजारच्या शिवनी जिल्ह्यातल्या तुरिया गावी लोक गवत कापायला गेले. ९ ऑक्टोबरला तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चार माणसे मेली, त्यांत तीन आदिवासी बाया होत्या. गवतासाठी.

मंगळावर गवत नाही. तिथे श्वासही तयार करावा लागेल. एडिंबरोचे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स कॉकेल अनेक वर्षे हेच सांगत आहेत की पृथ्वीबाहेरच्या वस्तीत प्राणवायू यंत्रातून येतो, म्हणून यंत्र ज्याच्या हाती त्याच्याकडे जुलमाचे असे साधन येते जे पृथ्वीवरच्या कुठल्याही हुकूमशहाला मिळाले नव्हते. त्यावर त्यांनी विद्वानांच्या परिषदा भरवल्या, ग्रंथ संपादित केले. बेवरबंदीचा इतिहास वाचलेल्या माणसाला हे म्हणणे अनोळखी वाटणार नाही. हवा, पाणी, किरणोत्सारापासून आडोसा, परतीच्या यानातली जागा, यांतले काहीही काढून घेता येते, आणि काढून घेताना हात उगारावा लागत नाही. नियमांचा एक तक्ता पुरतो. झडप उघडी ठेवली, वाटणीपेक्षा जास्त पाणी वापरले, बंद भागात गेले: सुरक्षेच्या नावाने हे सगळे नियम आवश्यकही असतील, कारण एका माणसाच्या चुकीने सारी वस्ती मरू शकते. बैहरच्या जंगलातही वणव्याची भीती खरीच होती. अडचण हीच की खरी भीती आणि मालकीची राखण एकाच गणवेशात येतात.

‘आउटलँड’ या १९८१ च्या चित्रपटात गुरूच्या आयो या उपग्रहावर टायटॅनियमची खाण आहे आणि शॉन कॉनरी तिथला मार्शल आहे. उत्पादन वाढावे म्हणून खाणीचे व्यवस्थापन मजुरांना एक उत्तेजक द्रव्य पुरवते, त्याने माणसे वेडी होऊन मरतात, आणि मार्शलला कळते की त्याच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी हे पाहून न पाहिल्यासारखे केले. तो उभा राहतो तेव्हा जवळपास कुणीही त्याच्या मदतीला येत नाही. चित्रपट साधा आहे, पण अंतराळातल्या पोलिसाविषयी इतके खरे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले. खाणीची वस्ती कशी असते, हे बालाघाटला सांगावे लागत नाही. भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते आणि तिची कंपनी मॉइल नागपुरात बसते. मलाजखंडला तांबे निघते. पृथ्वीबाहेरच्या खनिजांवर मालकी सांगता येईल असे कायदे अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये केले. स्टारलिंकच्या २०२० च्या सेवा-अटींत तर मंगळ हा स्वतंत्र ग्रह असून तिथल्या व्यवहारांवर पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारची सत्ता नाही, असे कलमच होते. तिथले तंटे मंगळावरच ठरवलेल्या स्वशासनाच्या तत्त्वांनी सुटतील म्हणे. स्वशासन हे मोठे मूल्य आहे. पण ज्या कंपनीचे यान, ज्या कंपनीची हवा, तिच्या करारपत्रात ते लिहिलेले असले की मला परसवाड्याच्या मालगुजाराचा पट्टा आठवतो. १९६७ च्या कराराचे सहावे कलम यावर स्पष्ट आहे: खासगी संस्थेच्या अंतराळातल्या कृत्यांची जबाबदारी तिच्या राष्ट्राची, आणि त्या राष्ट्राने तिच्यावर सतत देखरेख ठेवायची. ते कलम जिवंत ठेवणे हे आपल्यासारख्या देशांच्या हिताचे आहे.

अंतराचाही विचार करायला हवा. चंद्रावरून संदेश सव्वा सेकंदात येतो. मंगळावरून तीन ते बावीस मिनिटे लागतात, आणि सूर्य मधे आला की साधारण दोन आठवडे बोलणेच बंद. एवढ्या अंतरावरचा ठाणेदार हुकमाची वाट पाहू शकत नाही. त्याला स्वतःच ठरवावे लागते आणि मागाहून कळवावे लागते. मागाहून लिहिलेला अहवाल वाचणाऱ्याकडे दुसरी बाजू जाणून घेण्याचा मार्ग नसेल, तर तो अहवाल हाच इतिहास होतो.

बालाघाटच्या अलीकडच्या तीन-साडेतीन दशकांतही हाच पेच होता. लांजीच्या पुढे मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि छत्तीसगड यांच्या हद्दी भेटतात. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून एकाच पोवार कुटुंबाची एक फांदी गोंदियात आणि दुसरी वारासिवनीत असते. गोंडांचीही तीच गत. जंगलातल्या नक्षलवादी बंदूकधाऱ्यांनी या हद्दीचा पुरेपूर उपयोग केला. त्यांनी आपल्या संघटनेचा विभागही तीन राज्यांच्या आद्याक्षरांनी ओळखला. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची किरनापूर भागातल्या त्यांच्या गावीच हत्या झाली आणि त्यानंतर मध्य प्रदेशाने हॉक फोर्स उभे केले. डिसेंबर २०२५ मध्ये बालाघाटातल्या उरलेल्या नक्षलवाद्यांनी शरणागती पत्करल्यावर राज्य नक्षलमुक्त झाल्याचे सरकारने जाहीर केले. या काळात शिपाईही मेले आणि खबऱ्या ठरवून मारलेले गावकरीही मेले. त्या मरणांची बेरीज-वजाबाकी करायची माझी तयारी नाही. पण एका पिढीने पोलीस पाहिला तो वाळूच्या पोत्यांच्या आडून. कोंबडी चोरीला गेली, नवऱ्याने मारले, शेताचा बांध सरकवला, ही रपट लिहायला त्या तारेच्या कुंपणातून आत कोण जाणार? ज्या ठाण्यात लहान तक्रार जात नाही, तिथे मोठ्या गुन्ह्याची खबरही मनापासून येत नाही.

म्हणून आता बैहरच्याच मुलखात लागू असलेली एक तरतूद मला अंतराळाच्या सगळ्या करारांपेक्षा मोलाची वाटते. जुनी बैहर तहसील घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येते. अशा आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याखाली मध्य प्रदेशाने नियम केले ते फार उशिरा, नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्यांत ग्रामसभेने शांती व विवाद निवारण समिती नेमायची आहे, आणि गावाशी संबंधित एफआयआर ठाण्यात दाखल झाली तर ठाण्याने ती या समितीला कळवायची आहे. दीडशे वर्षे कोटवार गावाची खबर ठाण्यात नेत होता; या नियमाने ठाण्याची खबर गावात आणली. हा नियम सगळीकडे पाळला जातो असे मी म्हणत नाही. पण तो लिहिलेला आहे, आणि लिहिलेल्या नियमावर बोट ठेवून ठाणेदाराला विचारता येते.

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, असे ठरवले आहे. अंतराळातल्या व्यवहारांसाठीच्या विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये निघाला, पण त्याचा कायदा झालेला नाही. तो होईल तेव्हा त्यात परवाने, विमा, नुकसानभरपाई यांची कलमे असणारच. मला त्यात आणखी दोन कलमे हवी आहेत. हवा आणि पाणी ज्याच्या ताब्यात, त्याला अटकेचा अधिकार नसावा. आणि वस्तीत कुणाविरुद्ध नोंद झाली, कुणाची वाटणी कापली गेली, तर ती गोष्ट पृथ्वीवर कळवण्याआधी वस्तीतल्या सर्वांच्या सभेपुढे यावी.

यातली अडचण मला दिसते. सहा माणसांच्या स्थानकात सभा कुणाची? आरोपी, फिर्यादी, साक्षीदार आणि प्रमुख धरले की बाहेरचा कुणी उरत नाही. दहा घरांच्या बैगा टोल्यावरही हेच होते. सगळेच एकमेकांचे सोयरे. तिथे शेजारच्या गावचे जाणते बोलावतात, पण चंद्रावर शेजारचे गाव दुसऱ्या देशाचे असेल. कदाचित तेच योग्य ठरेल: १९६७ च्या करारातल्या बाराव्या कलमाने चंद्रावरची स्थानके परस्परांना पाहण्यासाठी खुली ठेवायला सांगितली आहेत, त्यात तंट्याच्या वेळी दुसऱ्या स्थानकाचा एक माणूस बसवण्याची सोय जोडता येईल. हे करून बघायला मंगळापर्यंत थांबण्याची गरज नाही. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही आपली स्थानके आहेत, २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने तिथे आपला कायदा नेला आहे आणि खटल्यांसाठी भारतातली न्यायालये नेमण्याची सोय केली आहे. हिवाळ्यात महिनोन् महिने तिथून कुणी बाहेर पडू शकत नाही आणि जनित्र, अन्न, संदेशयंत्रणा यांची सूत्रे स्थानकप्रमुखाकडे असतात. पुढच्या हिवाळी तुकडीच्या नियमपुस्तिकेत ही दोन कलमे घालायला संसदेच्या अधिवेशनाचीही वाट पाहावी लागणार नाही.